नागपुराहून मक्का कुठल्या दिशेला?

नागपूर साधारण २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्केतला काबा २१.४२ उत्तर अक्षांशावर. दोघांमधला दक्षिणोत्तर फरक जेमतेम ३० किलोमीटरचा. रामटेक तर काब्याच्या जवळपास त्याच रेषेवर येतं. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नागपुरातून डावीकडे आडवी रेघ ओढली, की ती अरबी समुद्र ओलांडून थेट मक्केच्या वेशीवर पोचते. तेव्हा नागपूरच्या मोमिनपुऱ्यात नमाजला उभ्या राहिलेल्या माणसाने तोंड अगदी पश्चिमेला करावं, यात शंका घेण्यासारखं काही दिसत नाही. पण पृथ्वी गोल धरून हिशेब केला तर वेगळं उत्तर येतं: पश्चिमेपासून उत्तरेकडे जवळपास आठ अंश.

हे आठ अंश आले कुठून, हा भूमितीचा प्रश्न. नमाज पढणाऱ्याने त्यांची काळजी करावी का, हा धर्मशास्त्राचा. या दोन प्रश्नांवर ज्योतिर्विद आणि धर्मशास्त्री शतकानुशतकं काम करत आले आहेत, कधी एकमेकांचं ऐकून, बरेचदा न ऐकता. आणि गंमत अशी की दोघांचीही उत्तरं आपापल्या जागी टिकून आहेत.

‘मुसलमान पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतात’ ही आपल्याकडची समजूत महाराष्ट्रापुरती चालून जाते. इस्लाममध्ये पश्चिम दिशेला म्हणून काही वेगळं महत्त्व नाही. तोंड करायचं ते काब्याकडे, आणि काबा ही एक इमारत आहे, साधारण १३ मीटर उंच आणि ११ ते १३ मीटर बाजूंची. नमाजीची जी दिशा त्या इमारतीकडे जाते ती किब्ला. जेद्दाचा माणूस त्यासाठी पूर्वेला वळतो, मदिनेचा दक्षिणेला, लंडनचा आग्नेयेला. कोकणातल्या गावांतून पिढ्यांपूर्वी केप टाउनला जाऊन राहिलेल्या कोकणी मुस्लीम कुटुंबांचा किब्ला तिथे उत्तर-ईशान्येला आहे. त्यांचे रायगड-रत्नागिरीतले नातेवाईक पश्चिमेला, जरा उत्तरेकडे झुकून उभे राहतात. खुद्द मक्केतल्या हराम मशिदीत तर सफा, म्हणजे नमाजींच्या रांगा, सरळ नसतातच. काब्याभोवती त्या वर्तुळाकार लागतात आणि समोरासमोरच्या बाजूंची माणसं एकमेकांकडे तोंड करून असतात. काब्याच्या आत गेलेल्याला कुठल्याही भिंतीकडे तोंड करून नमाज पढता येते.

सुरुवातीला किब्ला काबा नव्हता. मुहम्मद पैगंबर इ.स. ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला आले, त्यानंतर सोळा-सतरा महिने मुस्लीम जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत होते. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये, काब्याकडे वळण्याचा आदेश आला. कुराणाच्या दुसऱ्या सुरेत, अल-बकरामध्ये, १४२ ते १५० या आयतींत तो आहे. मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला, त्यामुळे हा बदल थोडं डावं-उजवं होण्याचा नव्हता, जवळजवळ पाठ फिरवण्याचा होता. मदिनेजवळच्या कुबा इथे पहाटेची नमाज चालू असताना निरोप्या आला आणि नमाज न मोडता सगळे जागच्या जागी वळले, असं हदीसमध्ये नोंदलेलं आहे. सगळी जमात अशी अर्धं वर्तुळ फिरली की पुढे उभा असलेला इमाम सगळ्यांच्या मागे पडतो. त्याला रांगांच्या दुसऱ्या टोकाला जावंच लागणार. मदिनेत ‘मस्जिद अल-किब्लतैन’, दोन किब्ल्यांची मशीद, या घटनेची आठवण म्हणून दाखवली जाते. त्याच सुरेत आणखी पुढे, पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड वळवण्यात धर्म संपत नाही, असाही स्पष्ट इशारा आहे. पुढच्या धर्मशास्त्र्यांना त्याचा बराच उपयोग झाला.

मदिनेत मक्केची दिशा व्यापाऱ्यांच्या तांड्यांना पाठ होती. अडचण सुरू झाली ती अरब सैन्यं इजिप्त, इराक, इराण, स्पेनपर्यंत पसरली तेव्हा. ज्या सैनिकाने मक्का पाहिली होती त्यालाही नाईलच्या काठावरून ती नेमकी कुठे, हे सांगता येणं कठीण. मग लोकांनी हाताशी होतं ते वापरलं: सूर्य, तारे आणि वारे. काबा स्वतःच या बाबतीत सोयीचा निघाला. त्याची लांब बाजूची रेषा अगस्त्याच्या उगवतीकडे साधारण रोखलेली आहे आणि आडवी रेषा उन्हाळ्यातल्या सूर्योदयाकडे व हिवाळ्यातल्या सूर्यास्ताकडे. पावसाळा सरताना दक्षिणेला दिसू लागणारा अगस्त्य आपल्याला पुराणांतून माहीत आहे. अरबांकडे तोच सुहैल, आणि वाळवंटात रस्ता शोधायला तो नेहमीचा. यावरून एक वेगळाच भूगोल तयार झाला. जगाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला काब्याची एकेक भिंत किंवा कोपरा नेमून द्यायचा. कोपऱ्यांची नावंही तशीच: इराकी, शामी, यमनी. एखाद्या प्रांतातल्या माणसाने आपण काब्याच्या त्या भिंतीसमोर उभे आहोत असं मानायचं, आणि तिथे उभं राहिल्यावर जो तारा समोर उगवताना किंवा मावळताना दिसतो, तोच आपल्या गावात समोर धरायचा. अशा मांडणीच्या वर्तुळाकार आकृत्या अनेक अरबी हस्तलिखितांत आहेत. आधुनिक काळात डेव्हिड किंग या इतिहासकाराने त्यांचा बारकाईने अभ्यास केला.

हा सगळा प्रकार अडाणीपणाचा होता, असं मला वाटत नाही. गणित येत नसलेल्या माणसालाही रात्री अंगणात उभं राहून वापरता येईल अशी ती रीत होती, आणि चुकली तरी बहुधा योग्य चतुर्थांशातच राहायची.

याचे परिणाम दगडामातीत पाहायचे तर कैरोला जावं. इजिप्तमध्ये पहिल्यांदा आलेल्या पैगंबरांच्या सोबत्यांनी, सहाबांनी, तिथल्या फुस्तात शहरातल्या मशिदीचा किब्ला हिवाळ्यातल्या सूर्योदयाकडे धरला. तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजला तर सुमारे ११७ अंश. पुढे इ.स. ९६९ मध्ये फातिमी राजवटीने शेजारी नवं शहर वसवलं, तोच आजच्या कैरोचा ऐतिहासिक भाग. त्याचे रस्ते एका प्राचीन कालव्याला धरून आखले गेले आणि योगायोगाने ते सहाबांच्या किब्ल्याशी जुळले. पण फातिमींचे ज्योतिर्विद गणित करत होते. त्यांच्या हिशेबात किब्ला १२७ अंश आला. म्हणून अल-अझहर आणि अल-हाकिम या त्यांच्या मोठ्या मशिदी त्यांच्याच शहराच्या रस्त्यांना दहा अंश तिरप्या बांधल्या गेल्या. आज उपग्रहांच्या मोजमापाने काढलेला कैरोचा किब्ला १३५-१३६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे परंपरेची दिशा एक, मध्ययुगीन गणिताची दुसरी आणि आधुनिक गणिताची तिसरी. गणित चुकलं नव्हतं. त्यात घातलेले रेखांश चुकीचे होते.

दोन किब्ल्यांचा हा पेच स्थापत्यकारांनी फार देखण्या रीतीने सोडवला. ११२५ मधली अल-अकमर ही छोटी मशीद पाहावी. तिचा दर्शनी भाग रस्त्याला अगदी समांतर आहे आणि आतली नमाजची जागा किब्ल्याकडे वळलेली. मधला फरक जाडजूड भिंतीने पोटात घेतला आहे, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला तो कळतही नाही. नंतरच्या मामलुक काळात कैरोत हे तंत्र नेहमीचंच झालं. इस्फहानच्या भव्य चौकातल्या शाह मशिदीत तीच युक्ती मोठ्या प्रमाणावर दिसते: प्रवेशद्वार चौकाशी काटकोनात, पण आत शिरल्यावर सबंध मशीद अर्ध्या काटकोनात वळते. इस्तंबुलच्या हागिया सोफियात उलट घडलं. मुळात चर्च असलेल्या त्या इमारतीचा रोख किब्ल्याशी पुरता जुळत नव्हता, म्हणून १४५३ नंतर मेहराब, म्हणजे किब्ला दाखवणारा कोनाडा, मधल्या अक्षापासून थोडा बाजूला बसवला गेला आणि गालिच्यांच्या रेषा तिरप्या टाकल्या गेल्या. मुंबईतल्या ऑफिसात किंवा विमानतळावर नमाजच्या खोलीत सतरंज्या भिंतींना तिरक्या अंथरलेल्या दिसतात, त्याचं कारणही तेच. दूर स्पेनमध्ये कोर्दोबाची प्रसिद्ध मशीद तर आग्नेयेपेक्षाही दक्षिणेकडे झुकलेली आहे. आधुनिक गणित तिथला किब्ला पूर्वेच्या जेमतेम दहा अंश दक्षिणेला दाखवतं. परंपरेचा भूगोल जेवढा दूर जातो, तेवढा फरक वाढतो.

आता त्या आठ अंशांकडे वळू. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्यावा, एक टोक नागपूरवर आणि दुसरं मक्केवर धरून ताणावा. दोरा अक्षांशाच्या रेषेवरून जाणार नाही. तो आधी उत्तरेकडे फुगेल आणि मग मक्केवर उतरेल. गोलावरचा सर्वांत जवळचा, म्हणजेच खरा सरळ रस्ता हाच; भूमितीत याला बृहद्वृत्ताचा भाग म्हणतात. विषुववृत्त सोडलं तर अक्षांशाच्या रेषा सरळ नसतातच. उत्तर गोलार्धात ‘नेमकं पश्चिमेला’ चालत राहायचं तर माणसाला सतत किंचित उजवीकडे वळत राहावं लागतं. फक्त ते वळण इतकं मंद असतं की चालणाऱ्याला जाणवत नाही. नागपुराहून पश्चिमेला तोंड करून कोणी खरोखरच नाकासमोर, कुठेही न वळता निघाला, तर मक्केच्या रेखांशावर पोचेपर्यंत तो तिच्या सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेला, एरिट्रियाच्या किनाऱ्याजवळ तांबड्या समुद्रात असेल.

किब्ला काढण्याचा प्रश्न असा गोलावरच्या त्रिकोणाचा प्रश्न बनतो. त्रिकोणाचे तीन कोपरे: आपलं गाव, मक्का आणि उत्तर ध्रुव. गाव आणि मक्का यांचे अक्षांश माहीत हवेत आणि दोघांच्या रेखांशांतला फरक. मग गावाच्या कोपऱ्यातला कोन काढला की झालं. आज शाळकरी मुलगाही कॅल्क्युलेटरवर ते करील, पण नवव्या-दहाव्या शतकात त्यासाठी लागणारी गोलीय त्रिकोणमिती घडवावी लागली. तिच्या मुळाशी असलेली ज्या, म्हणजे साइन, आणि तिची कोष्टकं बगदादला पोचली ती भारतीय सिद्धान्तग्रंथांतून. आठव्या शतकात खलिफा अल-मन्सूरच्या काळात ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतलं खगोलशास्त्र अरबीत उतरवलं गेलं. अल-ख्वारिज्मीपासून इब्न अल-हैसमपर्यंत अनेक मोठ्या गणितज्ञांनी किब्ल्यावर काम केलं. ज्ञानशाखेला चालना द्यायला धर्मकार्यातली एखादी व्यावहारिक गरज कशी पुरते, याचं याहून चांगलं उदाहरण मला सहज आठवत नाही. आपल्याकडे यज्ञवेदीच्या मापांतून शुल्बसूत्रांची भूमिती पुढे आली, तशातलाच हा प्रकार.

या साऱ्यांत उठून दिसतो तो अल-बिरुनी, ज्याला आपण भारताचं वर्णन करणारा अल्बेरुनी म्हणून ओळखतो. १०२५ च्या सुमारास त्याने एक अख्खा ग्रंथ लिहिला तो शहरांचे अक्षांश-रेखांश कसे ठरवायचे यावर. त्यात तो ज्या एका प्रश्नाकडे नेतो तो म्हणजे गझनीचा किब्ला. अक्षांश काढणं सोपं, ध्रुवताऱ्याची किंवा दुपारच्या सूर्याची उंची मोजली की झालं. रेखांशासाठी दोन गावांतल्या वेळांतला फरक कळायला हवा, आणि घड्याळं नव्हती. त्यावर उपाय म्हणजे एकच आकाशातली घटना दोन ठिकाणांहून पाहायची. २४ मे ९९७ च्या चंद्रग्रहणाला तरुण अल-बिरुनी ख्वारिज्ममधल्या काथ या गावी होता आणि ज्येष्ठ गणितज्ञ अबुल वफा बगदादला. दोघांनी आधी ठरवून ते ग्रहण आपापल्या गावाहून पाहिलं आणि स्थानिक वेळांची तुलना करून रेखांशांतला फरक काढला. तारेसारखं काहीच नसताना शेकडो कोसांवरच्या दोन माणसांनी आखलेला हा संयुक्त प्रयोग होता.

पुढे हे गणित सामान्य माणसापर्यंत पोचवण्याची सोयही झाली. इजिप्त आणि शाम, म्हणजे सीरियाच्या, प्रदेशातल्या मोठ्या मशिदींत नमाजच्या वेळा काढायला खास ज्योतिर्विद नेमले जाऊ लागले. त्यांना मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या अल-खलीली या मुवक्किताने एक कोष्टक बनवलं. तुमचा अक्षांश आणि मक्केपासूनचा रेखांशाचा फरक घ्या आणि खण शोधा, किब्ला तयार. जवळपास ३,००० नोंदींचं ते कोष्टक आजच्या गणिताशी ताडून पाहिलं तरी थक्क करतं. होकायंत्राचा उपयोगही तेराव्या शतकाच्या अखेरीस येमेनच्या अल-अश्रफ या सुलतानाने लिहून ठेवला आहे. आजही बाजारात मिळणारा छोटा किब्लानुमा, म्हणजे शहरांच्या क्रमांकांची पुस्तिका असलेलं होकायंत्र, त्याच वंशातला.

हे सगळं गणित नमाजला बंधनकारक आहे का? इथे धर्मशास्त्र्यांनी जो विचार केला तो मला ज्योतिर्विदांच्या गणिताइतकाच बारीक वाटतो. काबा डोळ्यांसमोर असेल तर नेमका त्याच्याकडेच रोख हवा, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. लांबच्या माणसाबद्दल मतभेद आहेत. हनफी परंपरेत काब्याची दिशा पुरते. खऱ्या किब्ल्यापासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आत असलात तर नमाज झाली. शाफई परंपरेत रोख प्रत्यक्ष काब्यावरच असावा असा आग्रह आहे, मात्र आपल्याला शक्य तेवढ्या खात्रीने ठरवलेला. महाराष्ट्रात हे दोन्ही आहेत: राज्यातले बहुसंख्य मुस्लीम हनफी, तर कोकणी मुस्लीम शाफई. म्हणजे मोमिनपुऱ्यातल्या माणसाने नकाशा पाहून नुसतं पश्चिमेला तोंड केलं तर त्याचं हनफी शास्त्र त्याला सहज माफ करतं, तर रत्नागिरीतल्या शाफई नमाजीला तिथला तेरा अंशांचा फरक जास्त गांभीर्याने घ्यायचा आहे.

थोडा हिशेब केला की हनफी उदारपणामागचं शहाणपण कळतं. मुंबईहून काबा सुमारे ३,४५० किलोमीटरवर आहे. तिथून त्याची रुंदी एका अंशाच्या जवळपास पाच हजाराव्या भागाइतकी भरते. आपण जानमाजवर, म्हणजे नमाजच्या चटईवर, पाय ठेवतो तेव्हा एक पाऊल जरा मागे-पुढे पडलं तरी शरीराचा रोख त्याच्या हजारो पट हलतो. एका अंशाची चूक म्हणजे मक्केजवळ ५७ किलोमीटर. माणसाच्या देहाला नेमका काबा साधणं अशक्य आहे, हे शास्त्र्यांनी गणित न मांडताही ओळखलं होतं. मागणी प्रयत्नाची आहे. अनोळखी ठिकाणी अंधारात दिशा कळत नसेल तर विचारायचं, खुणा पाहायच्या, मग मनाचा कौल घेऊन उभं राहायचं. नमाज चालू असताना चूक लक्षात आली, तर कुबाच्या लोकांनी केलं तसं तिथेच वळायचं. हनफी मतानुसार नीट प्रयत्न केल्यावर नंतर चूक उघड झाली तरी नमाज पुन्हा पढावी लागत नाही. प्रवासात वाहनावर नफल, म्हणजे ऐच्छिक नमाज, वाहन वळेल त्या दिशेलाही चालते.

लोकांना मात्र अंशांवरून भांडायला आवडतं. १९व्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावरच्या योग्यकार्ताला अहमद दहलान या तरुण विद्वानाने दाखवून दिलं, की सुलतानाच्या मोठ्या मशिदीत लोक सरळ पश्चिमेला उभे राहतात आणि खरा किब्ला त्याच्या चोवीसेक अंश उत्तरेला आहे. मशिदीत नव्या रेषा आखल्या गेल्या, त्या पुसल्या गेल्या, आणि योग्य दिशेने बांधलेलं दहलान यांचं स्वतःचं छोटं प्रार्थनागृह पाडलं गेलं. याच दहलान यांनी १९१२ मध्ये मुहम्मदिया ही संस्था स्थापली, जी आज इंडोनेशियातल्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी आहे. वाद तरीही संपला नाही. २०१० मध्ये तिथल्या उलेमा परिषदेने आधी इंडोनेशियाचा किब्ला पश्चिमेला असल्याचा फतवा काढला आणि त्याच वर्षी तो बदलून वायव्येला असल्याचं सांगितलं. २००९ मध्ये तर मक्केतूनच बातमी आली, की आसपास नव्या उंच इमारती उभ्या राहिल्यावर वरून पाहताना शहरातल्या सुमारे २०० जुन्या मशिदींचा रोख थोडा चुकलेला आढळला. डोंगरातल्या गल्लीत, काबा दिसत नसताना, हाकेच्या अंतरावरही दिशा चुकते.

अमेरिकेतला वाद वेगळ्याच मुद्द्याचा आहे. भिंतीवरच्या नकाशावर न्यूयॉर्कहून मक्का पूर्वेच्या थोडी दक्षिणेला दिसते. बृहद्वृत्ताने पाहिलं तर ती ईशान्येला, उत्तरेपासून ५८ अंशांवर. अटलांटिक ओलांडून युरोपला जाणारी विमानं आधी उत्तरेकडे का जातात, हे ज्यांनी खिडकीतून पाहिलं आहे त्यांना हे पटतं. इतरांना मक्का दक्षिणेला असताना उत्तरेकडे तोंड करणं विचित्र वाटतं. वॉशिंग्टनमधलं १९५७ साली सुरू झालेलं इस्लामिक सेंटर ईशान्येकडेच रोखलेलं आहे आणि आज अमेरिकेतल्या बहुतेक मशिदी तशाच. अलास्कात हा फरक कमालीचा होतो: अँकरेजचा किब्ला जवळजवळ उत्तरेलाच येतो. आणि दक्षिण प्रशांत महासागरात फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांजवळ एक जागा अशी आहे की ती मक्केच्या बरोबर पाठीमागे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला पडते. तिथून कुठेही तोंड केलं तरी मक्का समोरच.

अंतराळवीराचं काय, हा प्रश्न २००७ मध्ये मलेशियाच्या शेख मुझफ्फर शुकोर यांच्यामुळे आला. मलेशियातल्या धर्मशास्त्र्यांनी उतरत्या क्रमाने पर्याय दिले: जमलं तर काबा, नाहीतर त्याच्या वरची आकाशातली जागा, नाहीतर पृथ्वी, तेही नाही तर जिथे जमेल तिथे.

भारतातही किब्ला एकच नाही. तिरुवनंतपुरमला तो पश्चिमेपासून २४ अंश उत्तरेकडे, पणजीला साडेपंधरा, मुंबईला दहा. वर जाताना तो घटत जातो. राजस्थानात कोटा-अजमेरच्या पट्ट्यात तो पश्चिमेशी जवळपास जुळतो, मग दिल्लीला साडेतीन अंश दक्षिणेकडे आणि श्रीनगरला तेरा अंश दक्षिणेकडे झुकतो. केरळ ते काश्मीर सदतीस अंशांचा फरक, आणि तरी सगळीकडे ‘पश्चिम’ म्हणून भागतं.

नमाजपलीकडेही या दिशेचं काम आहे. दफन करताना मृताला उजव्या कुशीवर, चेहरा किब्ल्याकडे येईल असं ठेवतात. म्हणून आपल्याकडच्या कब्रस्तानांत कबरी दक्षिणोत्तर आणि डोकं उत्तरेकडे असतं. शौचाला बसताना किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ करू नये असा संकेत आहे. त्यामुळे घर बांधताना अनेक मुस्लीम कुटुंबं संडासाचं भांडं दक्षिणोत्तर बसवायला गवंड्याला सांगतात.

घरच्या घरी किब्ला तपासायचा तर मोबाइलचं ॲप हा सोपा मार्ग. पण मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडाने फसतं, आणि स्लॅबमधल्या सळ्या, लिफ्ट, फ्रिज, लोखंडी पलंग यांच्यामुळे फ्लॅटमध्ये ते वीस-तीस अंश भरकटणं नवलाचं नाही. मोकळ्या गच्चीवर जाऊन पाहावं. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात सुदैवाने नगण्य आहे. न्यूयॉर्कमध्ये तो बारा-तेरा अंशांचा असतो आणि तिथे तो वजा-अधिक करावाच लागतो.

याहून भरवशाचा मार्ग म्हणजे सूर्य. शून्य सावली दिवसाच्या बातम्या दर मे महिन्यात मराठी वर्तमानपत्रांत येतात. मक्काही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथेही वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो: २७-२८ मे आणि १५-१६ जुलै. त्या क्षणी सूर्य काब्याच्या बरोबर माथ्यावर असतो, म्हणजे जगात जिथून जिथून तो दिसतो तिथे तिथे सूर्याची दिशा हीच किब्ल्याची दिशा. मेमधल्या दिवशी आपल्याकडे तेव्हा दुपारचे २ वाजून ४८ मिनिटं झालेली असतात. गवंड्याकडचा ओळंबा गच्चीवर टांगावा आणि त्याच्या दोरीची सावली खडूने आखून घ्यावी. सावलीच्या टोकाकडून ओळंब्याकडे पाहिलं की समोर मक्का. मुंबईत तेव्हा सूर्य ५९ अंश उंच असतो, त्यामुळे एक मीटर उंच काठीची सावली ६० सेंटिमीटर पडते. दहा मिनिटं उशीर झाला किंवा एक-दोन दिवस चुकले, तरी फरक एका अंशाच्या आतच राहतो. अल-खलीलीच्या कोष्टकालाही यापेक्षा फार वेगळं उत्तर देता आलं नसतं. अमेरिकेत त्या वेळी बहुतेक ठिकाणी रात्र असते; त्यांना नोव्हेंबर आणि जानेवारीत सूर्य मक्केच्या पाठीमागच्या जागेवर येतो तेव्हा सावली जिकडे पडेल ती दिशा धरता येते. जुलैचा मुहूर्त आपल्याकडे २ वाजून ५७ मिनिटांचा आहे, पण कोकणात आषाढाच्या त्या दिवसांत सूर्य दिसण्याचा भरवसा कोण देणार? तेव्हा मे महिन्यातच उरकलेलं बरं.